चर्चा: गुलामांना आसरा देणाऱ्या घरांच्या गोष्टी मुलांना कशा सांगाव्यात?

सिनसिनाटीकर:
लेकीचा वर्ग रिपलीला रँकिन कुटुंबाचं घर बघून आला. अमेरिकेतलं, ओहायो नदीच्या काठचं गाव. पलीकडे केंटकी राज्य, तिथे तेव्हा गुलामगिरी कायदेशीर. जॉन रँकिन पाद्री, बायको जीन, 13 मुलं. टेकडीवरच्या घरात रात्री दिवा ठेवायचे, त्या खुणेवर पळालेली माणसं वर यायची आणि रँकिनची पोरं त्यांना पुढच्या ठिकाणी पोचवायची. लेकीला हे तोंडपाठ. आलेल्यांपैकी एकाचं नाव विचारलं, तर गप्प! जीव पणाला लावून नदी ओलांडली कुणी, आणि गोष्टीचा नायक कोण?

जुने मास्तर:
नाही पटलं. चौथीच्या पोरापुढे थेट साखळदंड आणि लिलाव मांडायचे? त्याला गोष्टीत आपल्या वयाचं कुणीतरी लागतं. शिवाय नुसतं दार उघडणंही सोपं नव्हतं हो. पळालेल्या गुलामांबद्दलच्या 1850 च्या कायद्यात आसरा देणाऱ्याला हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होती. आपल्या जोतीरावांनी 1873 साली 'गुलामगिरी' अर्पण केली तीसुद्धा गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांनाच.

बारीक नजर:
अर्पण त्यांना, मान्य. पण पुस्तकभर बोलतात कोण? जोतीराव आणि धोंडिबा, म्हणजे ज्यांनी सोसलं तेच!
आणि नावं हवीत तर फिलाडेल्फियाच्या विल्यम स्टिलकडे ढिगाने आहेत. हा स्वतः कृष्णवर्णीय, पळून आलेल्यांना मदत करणारा. आलेल्या माणसाला बसवून नाव, मालक, मागे राहिलेलं कुटुंब असं सगळं टिपून घ्यायचा. 1850 मध्ये असाच एकजण समोर बसून हकीकत सांगू लागला, तर तो निघाला स्टिलचा सख्खा भाऊ पीटर, आई पळून येताना ज्याला मागे सोडून आली होती तो. वर्गात ही सांगून बघा. (गोधड्यांवरच्या गुप्त खुणांनी पळणाऱ्यांना वाट दाखवल्याची गोष्ट मात्र आवरा, तिला पुरावा नाही.)

सिनसिनाटीकर:
मास्तर, रँकिनना गाळा असं मी म्हटलेलंच नाही. पण त्याच रिपलीत जॉन पार्कर राहायचा. 1845 मध्ये 1800 डॉलर भरून स्वतःची सुटका विकत घेतलेला ओतारी. रात्री होडी घेऊन केंटकीत शिरायचा. एका जोडप्याने पळू नये म्हणून मालक त्यांचं बाळ रात्री आपल्याच खोलीत ठेवायचा. पार्करने त्या खोलीत शिरून पलंगाच्या पायथ्याचं बाळ उचलून आणलं! लेकीला यातलं अक्षर माहीत नाही.

जुने मास्तर:
जबरदस्त आहे, पण ही मी सातवीला सांगेन. लहानांना आधी माणसाच्या चांगुलपणावर विश्वास बसू दे.

बारीक नजर:
कुणाच्या चांगुलपणावर, मास्तर? आणि वयाचंच म्हणाल तर पार्करला आईपासून तोडून विकलं तेव्हा तो आठ वर्षांचा होता. तुमच्या चौथीतल्यांहून लहानच.

जुने मास्तर:
म्हणूनच तर म्हणतो, जपून. सहल माझ्या हातात असेल तर सुरुवात टेकडीवरूनच. तिथून नदी आणि केंटकीचा काठ एका नजरेत दिसतो.

सिनसिनाटीकर:
पार्करचं घरही संग्रहालय आहे, अगदी नदीकाठी. आलेली माणसं खालूनच वर चढली ना? पोरांनाही तसंच न्या.