ऑप्ट्रा 1.6: बेल्ट काढला, आता कॅम फिरेना

कुपवाडचा लेथवाला
राम राम मंडळी. मी एमआयडीसीत लेथवर असतो, मेकॅनिक न्हाई, पण मापाला हात बसलेला आहे म्हणून धाडस केलं. मामांची 2006 ची शेवरले ऑप्ट्रा, 1.6 पेट्रोल, माधवनगरात दारातच उभी आहे. वॉटर पंप गळत होता. पंपासाठी टायमिंग बेल्ट (क्रँकवरनं कॅम फिरवणारा दातेरी पट्टा) काढावाच लागतो, म्हणून पंप, बेल्ट, टेन्शनर सगळं नवं आणलं.

एक नंबरचा पिस्टन टॉपला आणला, दोन्ही कॅमच्या (व्हॉल्व उघडणारे वरचे दांडे) खुणा समोरासमोर, क्रँकची खूण खालच्या खाचेला. खडूनं परत रेघा मारल्या. बेल्ट सरकवला आणि एक्झॉस्टचा कॅम खट्टकन आपोआप फिरला, बोट थोडक्यात वाचलं. आता त्याला माघारी आणतोय तर दोन दात येतो आणि थांबतो, पुढं काय केल्या जाईना. मामा मागं उभं राहून "पाईप घाल की पान्याला!" पाईप घातला, एकदा जोर केला, तरी न्हाई.

कॅम जाम झालाय का? कॅमला वरनं धरणाऱ्या कॅप खोलू का? रविवारी नरसोबाच्या वाडीला जायचंय, मामी रोज विचारतीय.

तासगावचा बंड्या
गंजाचा स्प्रे मार आणि रात्रभर ठेव. आमच्या ट्रॅक्टरचा बोल्ट असाच सुटला.

मिरजेतला मेस्त्री
बंड्या, तो बोल्ट होता. हा कॅम आहे आणि तेलात बुडालेला आहे, त्याला गंज कुठनं येणार?

लेथवाल्या, आधी तो पाईप लांब फेकून दे. मामांनाही जरा चहाला पाठव.

तुझा कॅम जाम नाही. टॉप म्हणजे एक आणि चार नंबरचे पिस्टन अगदी वर आलेत. कॅम फिरला की त्याच्या पाकळ्या व्हॉल्व खाली दाबतात, आणि व्हॉल्व जाऊन त्या पिस्टनच्या डोक्याला टेकतात. या इंजिनात दोघांना एका वेळी जागा नाही, बेल्ट तुटला की व्हॉल्व वाकतात ते याच्यामुळंच. तू पान्यानं पिस्टन खाली ढकलायला बघतोयस, आणि तेही व्हॉल्वच्या काडीनं.

क्रँकच्या बोल्टला गोटी पाना लाव आणि टॉपवरनं पाव फेरा मागं घे. चार सिलिंडरच्या इंजिनात पाव फेऱ्याला चारी पिस्टन मधोमध उभे राहतात, कुणीच वर नाही. मग कॅमला मध्ये षटकोनी भाग आहे तिथं पाना लाव आणि खुशाल फिरव. खुणा समोरासमोर आल्या की क्रँक त्याच वाटेनं परत टॉपला.

हाताला फरक कळतो बघ. स्प्रिंगचा जोर रबरासारखा लागतो, वाढत जातो आणि एका जागी पाना हातातनं पळतो. पिस्टनला टेकलं की दगडाला लागल्यासारखं ठक्क. ठक्क लागलं की तिथंच थांबायचं, ताकद लावायची नाही. नुसत्या हातानं टेकलं तर सहसा काही होत नाही. पाईप घातलास, त्याचं मी काही सांगू शकत नाही.

आणि कॅप अजिबात खोलू नकोस. त्यावर नंबर असतात, एक जरी इकडची तिकडं बसली तर मग कॅम खरोखरच धरेल.

कुपवाडचा लेथवाला
काका, पाव फेरा मागं घेतला आणि कॅम एका हातानं फिरला! पण खुणा जुळवून पाना सोडला की एक्झॉस्टवाला परत उडी मारतोय. बेल्ट चढवायला हात दोनच.

वाढे फाटा
साताऱ्याहून. कागदाला लावायच्या काळ्या चिमटे-क्लिपा आण, मोठ्या. बेल्ट एका कॅमच्या गिअरवर बसवून क्लिप मारायची, मग दुसऱ्यावर. दुसरा माणूस पाना धरून उभा राहिला तर उत्तमच, मामा तेवढ्यासाठी कामाचे. टेन्शनर नसलेली बाजू आधी तटतटीत ठेव, ढिलं सगळं टेन्शनरकडं जाऊ दे. याचा ताण वॉटर पंपाची बॉडी किंचित फिरवून लावतात, टेन्शनरचा काटा खाचेत आला पाहिजे. नंतर क्लिपा काढ (हे मी एकदा विसरलोय) आणि क्रँक हातानं पूर्ण दोन फेरे. खुणा परत जुळल्या तरच किल्लीला हात लाव.

मिरजेतला मेस्त्री
बरोबर. आणि इंजिन चालू करण्याआधी प्लग काढून कंप्रेशन (सिलिंडरमधला दाब) बघ. गेज नसलं तर कुणाचं तरी माग. एक आणि चार खास बघ, दोन-तीनला काही झालं नसणार.

कुपवाडचा लेथवाला
गेज मिळालं. एक, दोन, तीन: साडेबारा, बारा, साडेबारा. चार नंबर सात. प्लगच्या भोकातनं चमचाभर तेल घालून परत बघितलं, तरी सातच.

मिरजेतला मेस्त्री
तेलानं वाढलं असतं तर पिस्टनच्या रिंगा म्हटलं असतं. हा व्हॉल्व आहे, आणि एक्झॉस्टचाच. हेड काढ. कॅप काढताना नंबर लिहून ठेव, मिरजेला घेऊन ये. बसवताना मी शेजारी उभा राहतो.

कुपवाडचा लेथवाला
मंगळवारी येतो काका. वाडीला एसटीनं गेले दोघं. पाईपाचं मामीला अजून सांगितलेलं नाही.