ट्रेमधली वजनं जुळतात, तरी पिकात पट्टे का?

प्रश्न: दोन तबकड्यांचं खत फेकणी यंत्र, पीटीओ (ट्रॅक्टरचा यंत्र फिरवणारा दांडा) मिनिटाला ५४० फेऱ्यांवर, फेकीचा पट्टा (शेजारच्या दोन फेऱ्यांमधलं अंतर) १२ मीटर. युरिया (नत्राचं खत), डीएपी (नत्र-स्फुरदाचं) आणि पोटॅश एकत्र करून टाकलं की पिकात हिरवे-पिवळे पट्टे उमटतात. पडणारं खत झेलायला शेतात ट्रे मांडून पाहिले तर वजनं जवळपास सारखी भरतात. मग चुकतंय कुठे?

उत्तर १: वजनं जुळली म्हणून खत जुळलं असं होत नाही. प्रत्येक ट्रे पांढऱ्या कागदावर वेगळा ओता आणि रंग बघा. यंत्रालगतच्या ट्रेमध्ये बारीक पांढरा युरिया जास्त आणि कडेच्या ट्रेमध्ये काळपट डीएपी न् लाल पोटॅश जास्त दिसला, तर युरियातलं नत्र मधोमध साचतंय. वजन भरून काढलं ते डीएपी-पोटॅशने.

कारण साधं आहे. तबकडीवरून सगळे दाणे साधारण एकाच वेगाने सुटतात, पण हवा बारीक दाण्याला लवकर अडवते. दाण्याचा व्यास निम्मा झाला की वजन आठव्या हिश्श्यावर येतं, हवेला भिडणारं क्षेत्रफळ मात्र चौथ्या हिश्श्यावरच. त्यात युरिया मुळात हलका: लिटरला पाऊण किलोच्या आसपास, डीएपी जवळजवळ एक किलो. साधा प्रिल युरिया (बारीक गोळ्यांचा) बहुतेक १ ते २.८ मिमीचा असतो. तो १२ मीटरच्या पट्ट्याला अनेकदा पुरा पडत नाही.

उत्तर २: टाकीतही घोळ होतो. पोतं एकाच जागी ओतलं की ढीग होतो, मोठे दाणे कडेला घरंगळतात, बारीक मधे राहतात. त्यामुळे सुरुवातीला आणि शेवटी वेगळंच मिश्रण बाहेर पडतं. थोडं थोडं, जागा बदलत ओता आणि फावड्याने सपाट करा. तबकडीवरच्या पात्यांना चिकटलेली भुकटी रोज खरवडा, नाहीतर फेक एका बाजूला झुकते.

प्रश्नकर्ता: म्हणजे मिसळायचंच नाही?

उत्तर १: मिसळायचं तर २ ते ४ मिमीचा दाणेदार युरिया घ्या. तिन्ही खतं चाळून त्यांचा मधला आकार १० टक्क्यांच्या आत जुळतो का पाहा. प्रिलच असेल तर तो वेगळ्या फेरीत, अरुंद पट्ट्याने, वारा पडल्यावर टाका. पट्टा किती ठेवायचा ते ट्रेच सांगतील: १-१ मीटरवर मांडा, दाणे उसळून जाऊ नयेत म्हणून आत जाळी ठेवा, शेजारच्या दोन्ही फेऱ्यांचं खतही त्यात पडू द्या. वजनांतला चलन गुणांक (प्रमाण विचलन सरासरीच्या किती टक्के, म्हणजे वजनं किती विखुरली ते) १५ टक्क्यांच्या वर गेला तर पट्टा कमी करा. आणि हे प्रत्येक खतासाठी वेगळं करा, एकाचं सेटिंग दुसऱ्याला चालत नाही.