मासे ठणठणीत, पण गोगलगायी आणि श्रिम्प मरताहेत. खाऱ्या पाण्याची टाकी, कोल्हापूर

खारंपाणी_राजारामपुरी

नमस्कार. टाकी चार बाय दीड बाय दीड फुटांची, दगड-वाळू वजा जाता पाणी दोनशे लिटरच्या आसपास. व्यवस्थित स्थिरावलेली जुनी टाकी आहे. प्रवाळ नाहीत, ते वन्यजीव कायद्यात येतात. मासे म्हणजे दोन क्लाउन, एक यलोटेल डॅमसेल, एक ब्लेनी; शिवाय टर्बो गोगलगायी, हर्मिट खेकडे, क्लिनर श्रिम्पची (साफसफाई करणाऱ्या कोळंबीची) जोडी आणि वाळूत बसलेला एक हॅडोनी कार्पेट अ‍ॅनिमोन (फुलासारखा दिसणारा बिनकण्याचा समुद्री प्राणी).

मे महिन्यात सुरुवात गोगलगायींपासून झाली. काचेवरून सुटून खाली उताण्या पडायच्या. सरळ करून काचेला लावलं तरी पाय धरत नव्हता. एकेक करून बहुतेक सगळ्या गेल्या. मग एका श्रिम्पने कात टाकली आणि सकाळी कातेशेजारी तीही निपचित पडलेली दिसली. दुसरी अजून आहे, पण दगडाखालून बाहेर येत नाही, अन्नाकडे बघत नाही. हर्मिट सुस्त झालेत. अ‍ॅनिमोन आकसलाय, तोंड थोडं उघडं असतं, पण वास येत नाही. मासे मात्र पूर्वीसारखेच खाताहेत, पळताहेत.

पाण्याचे आकडे: अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट 10, पीएच 8.1, केएच (कार्बोनेटचं प्रमाण) 8.5. क्षारता 35 पीपीटी (हजारात 35 भाग), ती मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर 35 च्याच द्रावणावर जुळवून घेतलेला आहे. तापमान 27-28. उन्हाळ्यात पाण्यावर पंखा सोडते, त्यामुळे रोज चारेक लिटर पाणी उडतं. तेवढं घरच्या आरओचं गोडं पाणी भरते. मीठ मिसळायलाही तेच पाणी. जुना आरओ बिघडला म्हणून पाडव्याला नवीन घेतला. मीठ, खाद्य, लाइट यांत काही बदल नाही.

ही श्रिम्प मी हात घातला की बोटांवर चढून नखं साफ करायची. घरचे म्हणतात, मासे तर आहेत ना. मला हिला वाचवायचं आहे. कुठून सुरुवात करू?

निळी_खोली_पुणे

कात टाकताना मेली म्हणजे आयोडीन कमी पडलं असणार. बाटली मिळते, आठवड्याला थेंब टाका. आणि खोलीत डासांचं लिक्विड मशीन लावता का? तेही बंद करा. एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो.

भाट्ये_किनारा

रत्नागिरीहून लिहितोय. क्षारता नीट आहे म्हणताय, तर मला अमोनियाची शंका होती, पण तो शून्य आहे. समुद्राचं पाणी हवं असेल तर सांगा, आमच्याकडून आंबा घाटानं कोल्हापूरला बरेच जण जातात. पण पाऊस लागल्यावर नको. नद्यांचं गोडं पाणी आणि गाळ खाडीतून किनाऱ्याला येतो, क्षारतेचा भरवसा राहत नाही.

हुपरी_टच

ताई, आयोडीन आत्ता घालू नका. जे मोजलेलं नाही ते टाकीत ओतायचं नाही. आजारी टाकीत तर अजिबात नाही. कात टाकायच्या वेळी श्रिम्प सगळ्यात नाजूक असते, त्यामुळं पाण्यात दुसरं काहीही खटकत असलं तरी ती त्याच वेळी जाते.

तुमच्या पोस्टमध्ये मला सगळ्यात मोलाचं काय वाटलं तर कोण आधी गेलं ते तुम्ही नीट लिहिलंय. डासांच्या औषधाचा दोष असता तर आधी श्रिम्प आणि खेकडे गेले असते. त्या औषधातलं पायरेथ्रॉइड कीटकांसाठी बनवलेलं, आणि श्रिम्प, खेकडे कीटकांचेच भाऊबंद, सगळे संधिपाद. गोगलगाय मृदुकाय, ती त्या विषाला त्या मानानं दाद देत नाही. तुमच्यात उलटं झालंय. गोगलगायी पहिल्यांदा सुटल्या. मशीन टाकीच्या खोलीतनं काढा, ते चांगलंच, पण कारण ते वाटत नाही. अमोनिया असता तर मासे वर येऊन धापा टाकत असते.

मासे धडधाकट आणि बिनकण्याचे सगळे एका मागोमाग आजारी. असं दिसलं की मी पहिल्यांदा तांबं तपासतो. माशांना पांढरे ठिपके आले की तांब्याचंच औषध देतात, लिटरमागं 0.15 ते 0.20 मिलिग्रॅम, आणि मासे ते सोसतात. श्रिम्प-गोगलगायी सोसत नाहीत, म्हणून तर ते औषध वेगळ्या टाकीत द्यायचं असतं. नवलाची गोष्ट अशी की श्रिम्पच्या रक्तात ऑक्सिजन वाहायला लोहाऐवजी तांबंच असतं, हिमोसायनिन. म्हणजे तिला तांबं लागतं, पण अगदी कणभर. जास्त झालं की कल्ले खराब होतात, अंगातल्या क्षारांचा तोल जातो.

माझ्या डोक्यात हे लगेच येतं कारण आमच्या घरात चांदीकाम. 92.5 टच म्हणजे शंभरात 92.5 भाग चांदी, उरलेलं 7.5 बहुतेक तांबंच. भट्टीवरनं उठलेल्या माणसानं कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय टाकीच्या झाकणाला हात लावायचा नाही, हा आमच्यात नियमच आहे.

आता एक सांगा. नवीन आरओवर कुठं कॉपर लिहिलंय का?

खारंपाणी_राजारामपुरी

लिहिलंय! सासूबाईंना तांब्याच्या हंड्यातलं पाणी प्यायची सवय आहे, म्हणून आम्ही मुद्दाम तोच निवडला. पण दादा, ते पिण्याचं पाणी आहे. त्यात असून असून किती असणार?

हुपरी_टच

पिण्याला अगदी योग्य असेल, त्याबद्दल शंका नाही. सासूबाईंनी बिनधास्त प्यावं. पण माणसाचं माप वेगळं. पिण्याच्या पाण्याचं आपलं भारतीय मानक, आयएस 10500, तांब्यासाठी लिटरला 0.05 मिलिग्रॅम पसंतीची मर्यादा धरतं आणि दुसरा स्रोत नसला तर 1.5 पर्यंत चालवून घेतं. मघाचा माशांच्या औषधाचा आकडा बघा, 0.15 ते 0.20. म्हणजे माणसाला चालणाऱ्या पाण्यात श्रिम्प मरू शकते.

आणि खरी मेख टॉप-अपमध्ये, म्हणजे उडालेल्या पाण्याची भर घालण्यात आहे. पंख्यानं उडतं ते निव्वळ पाणी. तांबं मागं राहतं. समजा तुमच्या फिल्टरच्या पाण्यात लिटरला 0.5 मिलिग्रॅम आहे. हा आकडा मी फक्त हिशेबासाठी धरलाय, तुमचा मोजल्यावर कळेल. रोज चार लिटर भरलं की 2 मिलिग्रॅम टाकीत पडलं. दोनशे लिटरमध्ये 0.01 ची भर. वीस दिवसांत 0.20. म्हणजे औषधाचा डोस पूर्ण! थोडं दगड आणि वाळू शोषून घेतात, म्हणून वेळ लागतो, पण दिशा तीच. पाडव्याला आरओ बसला, चैत्र-वैशाखात पंखा लागला, मे महिन्यात गोगलगायी सुटल्या. मला हे जुळतंय.

तांब्याचं टेस्ट किट खाऱ्या पाण्याला चालणारं घ्या आणि तीन ठिकाणचं पाणी तपासा: टाकीतलं, आरओच्या नळाचं आणि शक्य झालं तर आरओच्या आत मेंब्रेनमधनं (पाणी गाळणाऱ्या पडद्यातनं) बाहेर येतं ते, कॉपरच्या कांडीच्या आधीचं. टीडीएस मीटरवर जाऊ नका. तो एकूण विरघळलेले क्षार दाखवतो, त्यात तांबं आहे का ते त्याला कळत नाही.

निकालाची वाट न बघता आजच टॉप-अप बदला. डिमिनरलाइज्ड (क्षार काढलेल्या) पाण्याचा कॅन आणा. श्रिम्पसाठी त्यातच ताजं मीठपाणी करा, एक दिवस पंपानं फिरू दे, क्षारता 35 ला जुळवा आणि मग तिला स्वच्छ प्लास्टिकच्या टबात हलवा. आधी कधी औषध घातलेला टब नको. हवा द्या, तापमान सारखं ठेवा, नवीन पाणी नळीनं थेंबथेंब सोडत तासभर सवय करा. अ‍ॅनिमोन ओढू नका. हॅडोनीचा पाय वाळूखाली तळाच्या काचेला धरलेला असतो, तो फाटला तर वाचायचा नाही. सडका वास यायला लागला तरच बाहेर.

टाकीत ताजा कार्बन आणि तांबं धरणारं काहीतरी, क्युप्रिसॉर्ब नाही तर पॉलीफिल्टरचा तुकडा, पाणी जोरात जातं तिथं ठेवा. चांगल्या पाण्यानं पाणीबदल करत राहा, पण एकदम अर्धी टाकी नको. दमलेल्या जिवांना तो धक्का वेगळाच बसतो.

भाट्ये_किनारा

हुपरीकरांचं वाचून एक गोष्ट आठवली. किनाऱ्याचं पाणी कुणी आणणार असेल तर जेटीजवळचं कधीच घेऊ नका. होड्यांच्या तळाला शिंपले-शेवाळ चिकटू नये म्हणून जो रंग देतात त्यात तांबंच असतं. बंदरापासून लांब, मोकळ्या समुद्राचं, भरतीच्या वेळेचं घ्यावं.

खारंपाणी_राजारामपुरी

किट आलं. आरओच्या नळाच्या पाण्याला रंग लगेच चढला, तक्त्यावर 0.5 आणि 1 च्या मध्ये. टाकीत शून्य आणि 0.25 च्या मधली छटा. सर्व्हिसवाल्याला बोलावून मेंब्रेननंतर पाणी काढून बघितलं, त्यात काहीच नाही. त्याच जागी टी जोडून टाकीसाठी वेगळा नळ काढून घेतला. सासूबाईंचं तांब्याचं पाणी त्यांना, टाकीचं टाकीला. पुढे डीआयची (उरलेले क्षार काढणारी) कांडीही बसवली आहे.

श्रिम्प टबात आहे. दुसऱ्या दिवशी मिशा हलवायला लागली, नंतर मायसिसचा (बारीक कोळंबीसारख्या खाद्याचा) तुकडा हातातून ओढून घेतला. फार बरं वाटलं.

टाकीतला पॉलीफिल्टर निळसर पडला आहे. हे तांबंच ना?

हुपरी_टच

तांबंच. निळा झाला की बदला. नवीन तुकडा निळा व्हायचा थांबेपर्यंत हे चालू ठेवायचं. किटवर शून्य दिसलं म्हणून लगेच विश्वास ठेवू नका, बहुतेक किटांना 0.25 च्या खालचं नीट वाचता येत नाही आणि गोगलगायीला तेवढंही जड जातं. दगड आणि वाळूनं जे शोषलंय ते हळूहळू परत पाण्यात सुटू शकतं.

खारंपाणी_राजारामपुरी

पाऊस लागला, पंखा बंद झालाय. अ‍ॅनिमोन दुपारी बऱ्यापैकी पसरतो, तोंड मिटलेलं असतं, क्लाउन पुन्हा त्यात झोपायला लागलेत. उरलेले हर्मिट फिरताहेत. पॉलीफिल्टरचा शेवटचा तुकडा फक्त तपकिरी झाला, निळा नाही. श्रिम्पने टबात कात टाकली आणि नीट बाहेर आली! आता तिला परत टाकीत सोडू का?

हुपरी_टच

तपकिरी म्हणजे सेंद्रिय घाण, ते चालायचंच. पण श्रिम्प आत्ताच नको, अंग अजून मऊ असेल. आधी एकच टर्बो आणून सोडा. काचेला घट्ट धरते का, रात्री शेवाळ खात फिरते का, ते काही आठवडे बघा. ती टिकली तर आणखी दोन. त्या टिकल्या तर श्रिम्प. टबाचं पाणी तोवर दर दोन-तीन दिवसांनी थोडं बदलत राहा, टबात फिल्टर जेमतेमच असतो, अमोनिया चढायला वेळ लागत नाही.

आणि आरओच्या कॉपरवाल्या नळाच्या पाण्यात कालवलेलं मीठपाणी पिंपात उरलं असेल तर ते ओतून द्या, पिंप चांगल्या पाण्यानं धुऊन घ्या. पुढच्या पाणीबदलाला ते चुकून वापरलं जायला नको.