शाळा बुडवून मोठा प्रवास केलाय? नाशिककर पालकांनो, अनुभव सांगा

इंदिरानगर, मुलगी पाचवीत

सासऱ्यांना नर्मदा परिक्रमा करायची आहे. पायी नाही, गाडीनेच, पण घाईघाईत उरकायची नाही. ओंकारेश्वरहून निघायचं, महेश्वरला मुक्काम, अमरकंटकला निवांत थांबायचं. आणि नात सोबत हवी, हा त्यांचा हट्ट. मे महिन्यातला नर्मदेकाठचा उन्हाळा त्यांना झेपणार नाही, दिवाळीची सुट्टी पुरणार नाही. म्हणजे जानेवारीत शाळा बुडणार, तीही चांगले तीन-चार आठवडे.

माझं मन जाण्याकडेच झुकलंय. आजोबा आणि नात दोघांनाही प्रवास झेपेल अशी वर्षं थोडीच असतात. पण परत आल्यावर मुलाला नेमकं काय जड जातं, हे ज्यांनी केलंय तेच सांगू शकतील. नुसतं "छान झालं" नको. कितवीत नेलंत, शाळेत काय बोललात, कुठे अडलं, सगळं सविस्तर लिहा.

गंगापूर रोड, मुलगा तेव्हा चौथीत

आम्ही जानेवारीत तमिळनाडूला गेलो. मे महिन्यात तिथल्या देवळांच्या फरशीवर अनवाणी पाय ठेववत नाही आणि दिवाळीच्या सुमारास तिकडे पावसाळा असतो. मग उरतं काय? चौथीचा इतिहास म्हणजे शिवछत्रपती, आणि आमचा मुलगा त्या पुस्तकाची पारायणं करणारा. म्हणून पहिला मुक्काम जिंजी.

उन्हं चढायच्या आत राजगिरी चढायला लागलो. 1677 मध्ये महाराजांनी हा किल्ला घेतला आणि पुढे रायगडाला मुघलांचा वेढा पडल्यावर राजाराम महाराज निसटून इथवर आले, हे वर बसून सांगत होते. त्याने मध्येच थांबवलं, "आई, वाटेत जेवायला कोण देत होतं?" मला उत्तर देता आलं नाही. त्याच्या बाबांनी घोडी, वेषांतर, सोबतची माणसं असं काय काय सांगितलं, तरी तो पायथ्याशी येईपर्यंत तेच विचारत होता.

तंजावरला बृहदीश्वराच्या देवळात भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास कोरलेला आहे. मराठीत, देवनागरीत, दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळातला, 1803 सालचा. आजूबाजूला सगळं तमिळ, आणि हा पोरगा भिंतीपासून वीतभर लांब बोट धरून एकेक अक्षर लावतोय. एक वयस्कर गृहस्थ थांबून बघत राहिले. त्यांनी खुणेनेच विचारलं, वाचता येतं? याने मोठ्याने दोन शब्द वाचून दाखवले. त्या दिवशी आम्ही दुसरं काहीही पाहिलं नाही.

आता अडलं कुठे ते. गणितात वर्ग अपूर्णांकांत बराच पुढे गेला होता. बाईंनी मधल्या सुट्टीत बोलावून समजावलं, घरी आम्ही बसलो, तरी त्याला ते सहज यायला मार्च उजाडला. निघण्याआधी बाईंना प्रत्यक्ष भेटून तारखांसह अर्ज दिला होता. वह्या सोबत नेऊ नका, रोज थोडं वाचन आणि पाढे एवढंच करा, असं त्यांनीच सांगितलं, आणि ते फार बरं झालं. 2025 मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यात आपल्या जिल्ह्यातला साल्हेर आणि तिकडची जिंजी दोन्ही आहेत. ती बातमी तो कापून शाळेत घेऊन गेला.

सिन्नर, आजोबा

आमच्याकडे प्रवास म्हणजे वारी. निवृत्तिनाथ महाराजांची पालखी ज्येष्ठात त्र्यंबकेश्वरहून निघते आणि शाळा नेमक्या जूनच्या मध्यावर उघडतात. नातू तिसरीत असताना त्याला दातलीच्या रिंगणापर्यंतच न्यायचं ठरलं होतं. रिंगण पाहिल्यावर तो घरी परतायला तयार होईना. सुनेने शाळेत फोन केला. मुख्याध्यापक म्हणाले, जून आहे, येऊ द्या जाऊन.

पुढे नगर, करमाळा करत पंढरपूर. पाय दुखले की थोडा वेळ दिंडीच्या ट्रकमध्ये बसायचा, पुन्हा उतरून टाळ धरायचा. चार अभंग पाठ झाले. आला तेव्हा नवीन पुस्तकांना कव्हरं घालून झालेली, बाकांवरच्या जागा ठरलेल्या. त्याला शेवटच्या बाकावर जागा मिळाली याचं त्याला वाईट वाटलं, बाकी काही नाही. वर्षाच्या सुरुवातीचे दिवस बुडाले तर अभ्यास भरून निघतो, असं माझं मत आहे.

कॉलेज रोड

उलट बाजूचं सांगते. माझी नणंद इंग्लंडमध्ये असते. डिसेंबरच्या सुरुवातीला दिराचं लग्न होतं, पण तिला मुलांना घेऊन येता आलं नाही. तिकडे विनापरवानगी पाच दिवसांएवढी शाळा बुडाली की दंड लागू शकतो. ऑगस्ट 2024 पासून प्रत्येक पालकाला प्रत्येक मुलामागे 80 पौंड, 21 दिवसांत भरला नाही तर 160. शेवटी ती एकटीच आली. हळदीला भाचरांना व्हिडिओ कॉलवर बघून सासूबाईंचा कंठ दाटला. आपल्याकडे अर्ज देऊन, समोर बसून बोलता येतं, ही सोय मला तेव्हापासून मोठी वाटते.

सुरगाणा तालुका, जिल्हा परिषद शाळेतली शिक्षिका

माझ्या वर्गातली मुलंही महिनोन्महिने बाहेर जातात. छाटणीचा हंगाम आला की आईवडील दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत कामाला जातात आणि घरी सांभाळायला कोणी नसेल तर मुलंही सोबत जातात. त्यांच्यासाठी शिक्षण हमी कार्ड असतं. ते दाखवून मुलाने मुक्कामाच्या गावातल्या शाळेत बसायचं असतं. पण टोळी एका बागेतून दुसरीकडे हलली की शाळाही बदलते. शाळेतलं नाव टिकतं, शिकणं तुटतं.

हे इथे लिहिते, कारण मूल परतल्यावर वर्ग त्याला कसा सामावून घेतो, यावर सगळं ठरतं, हे मी दरवर्षी बघते. पूर्वी मी "काय काय बुडलं" यापासून सुरुवात करायचे आणि मूल खाली मान घालून बसायचं. आता आधी विचारते, काय काम पाहिलंस? मागे एका मुलीने डिपिंग कसं करतात ते उभं राहून दाखवलं. औषधाच्या पाण्याचा मग घडाखालून वर न्यायचा, घड पूर्ण बुडवायचा, काढून हलकेच झटकायचा. मग टोळीतली माणसं, एकरी दर, प्रत्येकाच्या वाट्याला किती, अशी गणितं फळ्यावर घेतली. भागाकार तिने वर्गाला शिकवला. तुमच्या मुलीलाही नर्मदेबद्दल वर्गात बोलू द्या. बाईंना तसं आधी सांगून ठेवा.

सातपूर, स्वतः गेलेली मुलगी

मी सातवीत असताना बाबांना कंपनीतून मोठी रजा मिळाली आणि आम्ही आसाम-मेघालयला गेलो. रबराच्या झाडाची जिवंत मुळं वळवून, वाढवून केलेले पूल पाहिले. पावलाखाली ते लाकडासारखे घट्ट लागतात. ते पुन्हा बघायला मी एकटीही जाईन.

अभ्यास भरून निघाला. मैत्रिणी मात्र लवकर परत मिळाल्या नाहीत. स्नेहसंमेलनाचा नाच बसून झाला होता, डबा खायचे गट बदलले होते, आणि मी नसताना घडलेल्या गोष्टींवर सगळ्या हसायच्या. आईबाबांना वाटायचं मी प्रवासाने दमलेय. मुलगी निघण्याआधी तिच्या दोन जवळच्या मैत्रिणींना घरी बोलवा, वाटेतून त्यांच्याशी फोनवर बोलू द्या. पाचवीत हे सातवीपेक्षा सोपं जाईल, पण कराच.

पंचवटी, निवृत्त मुख्याध्यापक

इंदिरानगरच्या ताईंसाठी. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. मूल सलग महिन्याहून जास्त गैरहजर राहिलं तर ते शाळाबाह्य धरलं जातं, म्हणून शाळेला अंधारात ठेवू नका. नववीपासून हा विचार शक्यतो नको. दहावी-बारावीला 75 टक्के हजेरी लागते.

पाचवीचं एक वेगळं आहे. आता पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. नापास झालं तर पुनर्परीक्षा, त्यातही नापास झालं तर पुन्हा तोच वर्ग. जानेवारीत जाऊन आलात तर तयारीला वेळ मिळतो, त्याची धास्ती नको. पाचवीची शिष्यवृत्ती परीक्षा 2026 पर्यंत बहुधा फेब्रुवारीत असायची, आता ती चौथीला गेली आहे. तरी आधी वार्षिक परीक्षेची तारीख शाळेत विचारा, मगच गाडी ठरवा.