मदत हवी आहे: यलोस्टोनसाठी आरव्ही, २५ फुटी की ३० फुटी? आज रात्रीपर्यंत ठरवायचंय

कोयनाकाठ
नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आरव्ही (आत झोपायची, स्वयंपाकाची, संडासाची सोय असलेली गाडी) भाड्याने घेऊन अमेरिकेतल्या यलोस्टोन नॅशनल पार्कला जायचं ठरलंय. गाडी सॉल्ट लेक सिटीला घेणार, तिथेच परत देणार. सहा रात्री. दोन गाड्या समोर आहेत, दोन्ही क्लास सी, म्हणजे ड्रायव्हरच्या केबिनवर झोपायचा माळा असलेल्या. २५ फुटी रोजचे १४९ डॉलर, ३० फुटी रोजचे १८९. वर दर मैलाला ४० सेंट. हा दर ते आज रात्रीपर्यंतच धरून ठेवणार आहेत. कोणती घेऊ? हॉटेलचे सल्ले कृपया नकोत, ते सगळं बघून झालंय. लवकर सांगा.

रानवाटा
माणसं किती, वयं काय? आधी एवढी गाडी चालवली आहे का? आणि रात्री मुक्काम कुठे करणार? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

ह्यूस्टनकर
डोळे झाकून २५ घ्या. मी दोन वेळा युटात आरव्ही नेली, एकदा २५ आणि एकदा ३०. मोठ्या गाडीचं मागच्या चाकांच्या मागे बरंच धड लोंबतं. तुम्ही उजवीकडे वळलात की ते शेपूट डावीकडे बाहेर येतं. पेट्रोल पंपाच्या खांबाला मी असंच घासलं आणि डिपॉझिटमधले पैसे गेले. उंचीही साधारण १२ फूट असते, त्यामुळे ड्राइव्ह-थ्रूच्या कमानी, झाडाच्या फांद्या, सगळीकडे मान वर करून बघावं लागतं. पहिल्यांदा चालवणाऱ्याने ३० च्या नादी लागू नये.

शमिका_टी
ह्यूस्टनकर, माझा अनुभव अगदी उलटा आहे. चालवायला २५ आणि ३० मध्ये पहिल्या तासानंतर फरक जाणवत नाही. राहायला मात्र जमीन-अस्मानाचा फरक. २५ मध्ये पाच जण म्हणजे रोज रात्री जेवणाचं टेबल मोडून त्याचा पलंग करायचा आणि रोज सकाळी पुन्हा टेबल. पाऊस लागला तर चहा प्यायला बसायचं कुठे? सहा रात्री आहेत, एक नाही.

अवलिया७१
हॉटेल नको म्हणालात तरी हिशेब मांडतो. सॉल्ट लेक ते वेस्ट यलोस्टोन ३२० मैल. आतली फिराफिर आणि परतीचा रस्ता धरून ८५० तरी होतील. भाडं ८९४, मैलांचे ३४०. ही गाडी गॅलनला ८ ते १० मैल देते, म्हणजे पेट्रोल ९५ गॅलनच्या आसपास. शिवाय विमा, कर, आणि रोज रात्री गाडी लावायच्या जागेचं भाडं वेगळं. आरव्ही स्वस्त पडते हा गैरसमज आहे. मिनीव्हॅन घ्या, वेस्ट यलोस्टोनला खोली घ्या, सुखाने फिरा.

कोयनाकाठ
काका, स्वस्त पडते असं मी म्हटलंच नाही. पाच जण आहोत: मी, बायको, मुलगा आणि कराडहून आलेले आई-बाबा. आरव्ही पहिल्यांदाच चालवणार. आम्ही सॅन होजेहून विमानाने सॉल्ट लेकला जाणार. दोन्ही गाड्यांत पाच जण झोपतात असं लिहिलंय. आता सांगा, २५ की ३०?

गवतफुला
मुलगा किती वर्षांचा?

कोयनाकाठ
चार.

गवतफुला
मग हे आधी विचारून घ्या. त्याची कार सीट पुढे तोंड असलेल्या बाकावरच लावायची. आडव्या सोफ्यावर नाही, मागे तोंड असलेल्या बाकावर तर नाहीच. पुष्कळ गाड्यांत टेबलाच्या बाकाला फक्त कमरेचा पट्टा असतो, खांद्यावरचा नसतो. पाच पट्ट्यांची सीट त्यावर बसते, पण नुसता बूस्टर (मुलाला उंच बसवणारी बैठक) वापरत असाल तर चालणार नाही, त्याला खांद्याचा पट्टा लागतोच. "पाच जण झोपतात" हा आकडा बघू नका, पट्टे किती आहेत ते विचारा. आणि चालत्या गाडीत केबिनवरच्या माळ्यावर मुलाला चढू देऊ नका, तो कितीही रडला तरी. आमच्या ओळखीतल्या एकांनी दिलं होतं. मला तो फोटो बघून रात्रभर झोप लागली नाही.

पक्षीवेडा
सप्टेंबर म्हणजे उत्तम वेळ! लमार व्हॅली चुकवू नका. १९९५ मध्ये कॅनडातून लांडगे आणून पार्कात सोडले, त्यांचे वंशज तिथे आजही दिसतात. पहाटे उजाडायच्या आत पोहोचायचं, दुर्बीण हवीच. हेडन व्हॅलीत बायसन, म्हणजे तिकडचे गवे, रस्त्यावरच उभे असतात. एल्क या मोठ्या हरणाच्या नरांची शीळ याच दिवसांत ऐकू येते. शक्य असेल तर दोन दिवस वाढवून माउंट रशमोरही करा.

रानवाटा
पक्षीवेडा, लांडगे राहू द्या जरा. कोयनाकाठ, माझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही. जागा बुक केल्या आहेत का?

कोयनाकाठ
नाही अजून. आरव्हीचा फायदाच तो ना, जिथे रात्र होईल तिथे थांबायचं? रस्त्याकडेला मोठे पार्किंग तळ आहेत, ते नकाशात पाहिलेत. आधी गाडी ठरू दे, मग बाकीचं.

रानवाटा
इथेच तुमचं चुकतंय, आणि २५-३० च्या वादापेक्षा हे मोठं आहे. पार्कात मुक्कामासाठी ठरलेल्या तळांखेरीज कुठेही रात्र काढायला बंदी आहे. पार्किंगमध्ये नाही, रस्त्याकडेला नाही. रेंजर मध्यरात्री दार ठोठावून उठवतात. बाहेर एखाद्या वॉलमार्टच्या आवारात जमतं, पण तेही त्या दुकानाने परवानगी दिली तरच.

पार्कात बारा तळ आहेत. त्यातल्या एकाच ठिकाणी वीज, पाणी आणि सांडपाणी अशा तिन्ही जोडण्या मिळतात, तो म्हणजे फिशिंग ब्रिज. अस्वलांचा वावर असल्याने तिथे तंबूला मनाई आहे, भक्कम भिंतींच्या गाड्याच चालतात. तिथून कॅन्यनची दरी १६ मैल आणि ओल्ड फेथफुलचं गरम पाण्याचं कारंजं ३८, म्हणजे ठाणं म्हणून सोयीचा. मॅडिसनसारखे तळही सुंदर आहेत, पण तिथे जोडणी नाही. गाडीची बॅटरी, टाकीतलं पाणी आणि जनरेटर यांवर भागवायचं, आणि जनरेटर सकाळी ८ ते रात्री ८ एवढाच.

सप्टेंबरात तिथे रात्री पारा गोठणबिंदूच्या खाली जातो. गाडीतला हीटर प्रोपेनवर चालतो खरा, पण त्याचा पंखा बॅटरीवर असतो. रात्रभर हीटर चालला की पहाटे बॅटरी मान टाकते. आई-बाबा बरोबर आहेत म्हणून सांगतोय. जागा आधी, गाडी नंतर.

ह्यूस्टनकर
जागेचं म्हणणं मान्य. पण लांबीचाही संबंध आहेच. मोठ्या गाडीला जागा मिळणं अवघड जातं आणि कित्येक रस्त्यांवर बंदी असते. ग्लेशियर नॅशनल पार्कच्या गोइंग-टू-द-सन रस्त्याच्या वरच्या टप्प्यावर २१ फुटांच्या वर गाडी नेऊच देत नाहीत.

शमिका_टी
ते ग्लेशियरला चाललेले नाहीत. आणि २१ फुटांची अट असेल तर तुमची २५ सुद्धा बाहेरच. यलोस्टोनशेजारच्या ग्रँड टेटन पार्कच्या मूस-विल्सन रस्त्यावर २३.३ फुटांची मर्यादा आहे, तिथेही दोन्ही बादच. या सहलीत लांबीमुळे २५ जाईल आणि ३० अडेल असा एक तरी रस्ता सांगा.

ह्यूस्टनकर
रस्ता नाही, पण पार्किंग सांगतो. मिडवे गीझरपाशी, जिथे ते रंगीत तळं आहे, पार्किंग इतकं अपुरं आहे की सकाळी उशीर झाला तर लांब गाडी वळवायलाही जागा मिळत नाही.

शमिका_टी
सकाळी आठच्या आत गेलं तर मिळते. आम्हाला मिळाली.

अवलिया७१
म्हणूनच म्हणतो, मिनीव्हॅन आणि खोली. वडीलधारी माणसं, थंडी, जनरेटर, बॅटरी, कशाला हा खटाटोप? आम्ही माझ्या सासऱ्यांना तसंच नेलं होतं. तुमच्या पालकांचा प्रवासी विमा काढलाय ना? त्यात आधीपासूनच्या आजारांचं कलम नीट वाचा.

कोयनाकाठ
काका, विमा आहे. हॉटेल का नको ते पहिल्यांदाच लिहायला हवं होतं. बाबांना दोन वर्षांपासून लघवी जास्त होण्याची गोळी आहे. त्यांना दर तासाला, कधी पाऊण तासालाच जावं लागतं. मागच्या महिन्यात आम्ही त्यांना योसेमिटीला नेलं. जाताना एका ठिकाणी रस्त्याच्या कामासाठी चाळीस मिनिटं गाड्या थांबवल्या होत्या. बाबा काही बोलले नाहीत, पण त्यांना थांबता आलं नाही. परतीच्या वाटेवर त्यांनी दिवसभर पाणी घेतलं नाही. आता कुठेही चल म्हटलं की म्हणतात, तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळतो. चाळीस वर्षं एसटीत नोकरी केलेला माणूस, दुसऱ्यांना देशभर फिरवलं. त्यांना यलोस्टोन दाखवायचंय, आणि संडास सतत पाच पावलांवर असेल तर ते येतील. म्हणून आरव्ही. दुसरं काही कारण नाही.

अवलिया७१
माझे शब्द मागे घेतो. आरव्हीच घ्या. गव्यांमुळे तिथे अर्धा-अर्धा तास रस्ता अडतो, हे मी विसरलो होतो.

शमिका_टी
कोयनाकाठ, मग आता लांबी विसरा आणि दोन्ही गाड्यांचे आतले नकाशे उघडा. मागचा मोठा पलंग कसा आहे? बऱ्याच लहान गाड्यांत तो कोपऱ्यात, दोन बाजूंनी भिंतीला लागून असतो. आतल्या बाजूला झोपलेल्याला रात्री उठायचं तर बाहेरच्याला ओलांडावं लागतं. बाबा रात्री तीन-चारदा उठणार. त्यांना दोन्ही बाजूंनी उतरता येईल असाच पलंग हवा आणि संडास त्याला लागून हवा. माळ्यावर तुम्ही दोघं, टेबलाच्या पलंगावर मुलगा.

दुसरं: आई-बाबांपैकी कुणी झोपताना सीपॅप (झोपेत श्वास अडू नये म्हणून लावायचं विजेवरचं मशीन) लावतं का?

कोयनाकाठ
आई लावते. का?

शमिका_टी
बाहेरून वीज जोडलेली नसेल तर भिंतीतले प्लग बहुतेक भाड्याच्या गाड्यांत चालत नाहीत. ते जनरेटरवर, आणि जनरेटर रात्री ८ ला बंद. म्हणजे जोडणी नसलेल्या तळावर आईंना रात्रभर मशीन मिळणार नाही. रानवाटा म्हणतात तेच खरं. सहाही रात्री विजेची जागा बघा.

रानवाटा
सीपॅपचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. शाब्बास शमिका.

तांबडीमाती
थोडं विषयाला सोडून. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा वाटलं होतं की आता आपल्याकडेही आई-वडिलांना असं कोकणात नेता येईल. हायवेवर आमच्या आईचे असेच हाल होतात, चिपळूणपर्यंत पाणी पीत नाही. कुणी तिकडे अशी गाडी भाड्याने घेतली आहे का? रात्री लावायच्या जागा, सांडपाणी सोडायची सोय आहे का?

ह्यूस्टनकर
तांबडीमाती, वेगळा धागा काढा, मलाही वाचायचंय. इथे हरवून जाईल.

गवतफुला
फोडणीचं कुणी बोललं नाही म्हणून सांगते. गाडीतला गॅस छोटा असतो आणि धुराचा अलार्म डोक्यावरच. मिरची-मोहरी तडतडली की तो ओरडतो आणि चार वर्षांचं मूल दचकून उठतं. छताची झडप उघडा, पंखा लावा, मगच तेल तापवा. खरं तर फोडणी घरूनच डबीत न्या. प्रेशर कुकर न्यायला विसरू नका. यलोस्टोन तळ्याकाठी उंची ७,७०० फुटांच्या वर आहे, पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. भांडी आणि पांघरुणं भाड्याने देतात, पण वेगळे पैसे घेतात, आणि कुकर त्यात नसतो.

पक्षीवेडा
उंचीवरून आठवलं, बाबांच्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारून घ्या. एवढ्या उंचीवर कमी पाणी पिणं बरं नाही. आणि परतताना जॅक्सनहून टेटन पासच्या घाटाने जाऊ नका, उतार १० टक्के आहे. ८९ नंबरचा रस्ता धरून अल्पाइनवरून या. स्नेक नदी बरोबर असते, ऑस्प्रे (मासे पकडणारा शिकारी पक्षी) दिसतात.

कोयनाकाठ
तीन तास फोनवर होतो. २५ फुटीचा पलंग कोपऱ्यातलाच निघाला. ३० फुटीला दोन्ही बाजूंनी उतरता येतं आणि संडास पलंगाशेजारी आहे. टेबलाच्या पुढे तोंड असलेल्या बाकाला कमरेचा पट्टा, आमची सीट त्यावर बसते. फिशिंग ब्रिज भरलेलं होतं, पण रानवाटांनी व्यनित (खासगी निरोपात) सांगितल्याप्रमाणे पुन्हा पुन्हा पान उघडत राहिलो आणि रद्द झालेल्या दोन रात्री मिळाल्या. त्याआधीच्या दोन रात्री वेस्ट यलोस्टोनच्या खासगी तळावर, नंतरची एक टेटनच्या कोल्टर बेला, शेवटची परतीच्या रस्त्यावर. सगळीकडे वीज आहे. जागा पक्क्या झाल्यावर मग गाडी बुक केली. ३० फुटी. शमिका, रानवाटा, फार मदत झाली.

क्रेडिट कार्डच्या विम्यात आरव्ही धरतात का?

अवलिया७१
सहसा धरत नाहीत. कार्डवाल्यांना आजच फोन करा. तुमच्या स्वतःच्या गाडीच्या विमा कंपनीलाही विचारा, आणि दोघं नाही म्हणाले तर भाड्याच्या गाडीबरोबर मिळतो तो घ्या. इथे काटकसर करू नका.

ह्यूस्टनकर
३० घेतलीच आहे तर ऐका. गाडी ताब्यात घेतल्यावर आधी रिकाम्या पार्किंगमध्ये अर्धा तास वळवून बघा. मागे घेताना वहिनींना खाली उतरवा, डाव्या आरशात दिसतील अशा उभ्या करा. टाक्या रिकाम्या करताना आधी संडासाची, मग आंघोळ-भांड्यांच्या पाण्याची, म्हणजे पाइप त्या पाण्याने धुऊन निघतो. जाड हातमोजे घ्या.

शमिका_टी
आणि दाराची पायरी उंच असते. दांडा असलेलं घडीचं स्टूल सॉल्ट लेकलाच विकत घ्या, आई-बाबा दोघांनाही लागेल. रात्री संडासाकडे जाताना दिसेल असा बॅटरीचा छोटा दिवाही घ्या.

कोयनाकाठ
दोन्ही यादीत टाकलं. बाबांना आता गाडीचे फोटो दाखवले. ते बराच वेळ गाडीचा आतला नकाशा बघत बसले. मग म्हणाले, संडासात वास कोंडणार नाही ना, बाकीच्यांना त्रास नको. काय सांगू त्यांना?

रानवाटा
सांगा, छतात उघडणारी झडप असते. फ्लश पायाने दाबायचा. दाबायच्या आधी भांड्यात थोडं पाणी भरून घ्यायचं, आणि टाकीत रसायनाची गोळी टाकायची, ती गाडीबरोबर देतात. बाहेर काही कळत नाही. माझे वडील ७८ व्या वर्षी आले होते आमच्याबरोबर. त्यांनीही हेच विचारलं होतं.