शेजारी डेफ आहेत. 'मूकबधिर' नको तर काय म्हणायचं?

ऐरोलीचा_बाळ्या:
आमच्या मजल्यावर नवीन भाडेकरू आलेत. नवरा-बायको दोघांनाही ऐकू येत नाही, चार वर्षांच्या पोरीला येतं आणि ती जाम बडबडी आहे. सेक्रेटरींनी ग्रुपवर 'मूकबधिर कुटुंबाचे स्वागत' टाकलं. त्या भाडेकरू ताईंनी लगेच खाली लिहिलं, 'मूक नाही. डेफ.' सगळे चिडीचूप. यूट्यूबवर मी दोन खुणा पाहिल्या: डेफसाठी तर्जनी कानाजवळून तोंडाजवळ, ऐकू येणाऱ्यांसाठी तीच तर्जनी ओठांसमोर गोल गोल. करून दाखवू का?

कोपरीवाली:
थांबा! त्या अमेरिकन खुणा आहेत. माझे आई-बाबा दोघेही डेफ, त्यामुळे इथे मी जरा लांबण लावणार.

अमेरिकेतल्या डेफ लोकांनी आपली, म्हणजे ऐकणाऱ्यांची, खूण कानावर नाही, तोंडावर ठेवलीय, गंमत बघा. म्हणजे आपण कोण? ज्यांची टकळी चालू असते ते. हीच खूण कपाळाशी नेली की टोमणा होतो: स्वतः डेफ, पण डोकं ऐकणाऱ्यांचं. ब्रिटिश डेफसाठी दोन बोटं कानाला लावतात. आपली भारतीय सांकेतिक भाषा या दोन्हींहून वेगळी. इंग्रजी मुळाक्षरंसुद्धा आपण दोन हातांनी करतो, अमेरिकन एका हाताने.

दिल्लीच्या आयएसएलआरटीसीचा (भारतीय सांकेतिक भाषेचं सरकारी संशोधन-प्रशिक्षण केंद्र) व्हिडिओ शब्दकोश बघा. २०१८ मध्ये ३,००० शब्द होते, २०२१ मध्ये १०,००० झाले. तरी ताईंनाच विचारलेलं बरं, कारण खुणा शाळेगणिक बदलतात. बाबा नागपूरला शिकले, आई मुंबईत. काही खुणांवरून अजून जुंपते दोघांची.

'मूक'चं म्हणाल तर भारत-पाकिस्तान मॅचला बाबा असे ओरडतात की खालचे काका फोन करतात. मला, अर्थात.

आणि 'आम्ही नॉर्मल' म्हणू नका. आईच्या वयाच्या मैत्रिणी आपल्याला तसं म्हणतात, पण तरुण मंडळींना ते खटकतं. 'ऐकणारे' म्हणा.

फॉर्मवाले_काका:
कागदोपत्री 'कर्णबधिर' लिहा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांची ऐकण्याची क्षमता ७० डेसिबलने कमी असेल तर कर्णबधिर, ६० ते ७० असेल तर कमी ऐकू येणारे, अशी विभागणी आहे. 'बहिरा' शब्द आपल्याकडे शिवीसारखाच वापरतात, तो टाळा.

ऐरोलीचा_बाळ्या:
धन्यवाद दोघांनाही. बेलचं काय करतात? मी तीन वेळा दाबली.

कोपरीवाली:
बेलला दिवा जोडून मिळतो, इलेक्ट्रिशियन तासाभरात करून देतो. तोवर व्हॉट्सॲप करा. समोर असतील तर हात हलवा, मागून असाल तर खांद्यावर हलकेच टॅप. ओरडून बोलू नका, ओठ आणखीनच वेडेवाकडे दिसतात आणि वाचता येत नाहीत.

अजून एक. मेंटेनन्सची थकबाकी, पार्किंगचं भांडण असलं काही त्या पोरीकडून सांगायला लावू नका. सहावीत असताना बँकेत बाबांच्या कर्जाचे हप्ते मी समजावून दिलेत, साहेब माझ्याकडेच बघून बोलत होता. ताईंना लिहून द्या, आणि उत्तर येईस्तोवर त्यांच्याकडे बघा, पोरीकडे नाही.