परदेशात मटण घेताना: कोणता भाग, कोणत्या नावाने?

परदेशात नव्याने संसार मांडणाऱ्या मांसाहारी मराठी घरात पहिल्याच महिन्यात प्रश्न पडतो: रविवारच्या रश्श्याचं मटण कुठून आणायचं आणि काय म्हणून मागायचं? आपल्या खाटकाला 'अर्धा किलो मिक्स द्या, दोन नळ्या टाका' म्हटलं की भागतं. बाहेरच्या सुपरमार्केटात प्रत्येक भागाचं पाकीट वेगळं, नाव वेगळं, आणि बहुतेक पाकिटांत हाड नाही. हाडाशिवाय रश्श्याला चव येत नाही, यावर वाद नसावा. म्हणून माझा आग्रह असा की नव्या देशात गेल्यावर दोन शब्द आधी पाठ करावेत: हव्या त्या जनावराचं नाव आणि 'हाडासकट'.

मी एडिसन, न्यू जर्सीला असते. इथल्या देशी हलाल दुकानांत 'गोट, करी कट, स्मॉल पीसेस' म्हटलं की काम होतं. तुकडे करवतीच्या यंत्रावर होतात, त्यामुळे हाडाचा बारीक चुरा मटणाला चिकटतो. घरी आणल्यावर दोन-तीन पाण्यांतून नीट धुवावं, नाहीतर रस्सा कचकच लागतो. देशी दुकान जवळ नसेल तर सुपरमार्केटातले लॅम्बचे 'शोल्डर ब्लेड चॉप' घ्या. खांद्याचा भाग, हाड असतं, 'रिब चॉप'पेक्षा बरेच स्वस्त. घरी त्यांचे तुकडे करता येतात. 'रिब' आणि 'लॉइन' तव्यावर भाजायला उत्तम, पण रश्श्यात घालून पैसे वाया घालवू नयेत.

तुमच्या गावातले शब्द, दुकानं, युक्त्या लिहा. शहराचं नाव नक्की टाका.

कोल्हापूर, सध्या म्युनिक
जर्मन सुपरमार्केटात बकऱ्याचं मटण जवळजवळ दिसतच नाही. 'त्सीगं' म्हणजे बकरी, पण ती मिळते ती ईस्टरच्या सुमारास, कोवळं करडू म्हणून. रोजचा आधार म्हणजे तुर्की दुकान. तिथे 'कुझु' म्हणजे कोकरू, 'कोयुन' म्हणजे मोठी मेंढी. 'कोल' पुढचा फरा, 'बुत' मांडी, 'गेर्दान' मान, 'इन्जिक' नळीचा भाग. हाडासकट हवं तर 'केमिक्ली'. खिम्याला ते 'कियमा' म्हणतात, ते तर ऐकताक्षणी कळतं. तांबड्या-पांढऱ्यासाठी मी अर्धी गेर्दान, अर्धं कोल घेते आणि एक इन्जिक आडवं कापून. पांढऱ्या रश्श्याला लागणारं अळणी मानेच्या हाडांतून जेवढं दाट उतरतं तेवढं मांडीतून कधीच नाही.

जर्मन खाटकाकडे जायची वेळ आली तर 'शुल्टर' खांदा, 'कॉयलं' मांडी, 'हाक्सं' नळी, आणि 'मिट क्नोखन' हाडासकट.

आणखी एक, हे फार उपयोगाचं आहे: 'झुपनहून'. अंडी देऊन झालेली जुनी कोंबडी. बहुतेक वेळा फ्रीझरमध्ये असते. साध्या कोंबडीसारखी पाऊण तासात शिजत नाही, मंद आचेवर दोन तास तरी हवेत, पण गावरान कोंबडीच्या रश्श्याच्या इतकी जवळ जाणारी चव मला इथे दुसऱ्या कशात मिळालेली नाही.

जत, सध्या लंडन
वरच्या ताईंचं झुपनहून म्हणजे इथली 'बॉइलिंग हेन'. आमच्याकडच्या हलाल दुकानांत तिला 'हार्ड चिकन' म्हणतात, साउथॉलला किंवा ग्रीन स्ट्रीटला मागून बघा.

आता मटणाचं. आमच्या भागात माडग्याळी मेंढ्या पाळतात, त्यामुळे मेंढीचं मटण मला परकं नाही. इथे वर्षाच्या आतलं ते 'लॅम्ब', वर्ष ते दोन वर्षांचं 'हॉगेट', त्यापुढचं 'मटन'. बहुतेक मराठी घरं लॅम्बवर थांबतात, आणि ते कोवळं असल्यामुळे आपल्या वाटणापुढे फिकं पडतं. मटन मागा. 'स्क्रॅग एंड' म्हणजे मानेचा वरचा भाग, स्वस्त आणि हाडांनी भरलेला. जास्तीची चरबी काढायला सांगा, पण सगळी नको. बकऱ्याचंच हवं असेल तर कॅरिबियन लोकांची दुकानं शोधा. ब्रिक्स्टन मार्केटात सहज मिळतं, कारण 'करी गोट' हा त्यांचा लाडका पदार्थ.

दुबई
आमच्याकडे भाषेची अडचण नाही. खाटीक भारतातले किंवा पाकिस्तानातले, 'रान, दस्ती, चांप, सीना' हिंदीतच चालतं. इथे बघायचा तो देश. एकाच काउंटरवर भारत, पाकिस्तान, ऑस्ट्रेलिया, सोमालिया अशा पाट्या असतात आणि भावातही फरक असतो. देऱ्याच्या वॉटरफ्रंट मार्केटला सकाळी जा.

नागपूर, सध्या डॅलस
मेक्सिकन खाटकाचं दुकान, म्हणजे 'कार्निसेरिया', विसरू नका. 'चिवो' म्हणजे बकरा, 'काब्रितो' म्हणजे करडू. सावजी रश्श्याला चिवोच हवा. 'कोन उएसो' म्हणजे हाडासकट, 'इगादो' म्हणजे कलेजी.

वजडीबाबत मात्र सावध राहा. पाटीवर नुसतं 'ट्राइप' लिहिलं असेल तर ते गाईबैलाचं पोट असतं. 'त्रिपास' म्हणजे आतडी, तीही बहुधा त्याच जनावराची. बकऱ्याची वजडी हवी तर जिथे पूर्ण बकरा कापून देतात अशा हलाल दुकानात आधी सांगून ठेवावी लागते. फोफसं मात्र अमेरिकेत शोधू नका. जनावरांची फुप्फुसं खाण्यासाठी विकायला इथे 1971 पासून बंदी आहे, दुकानदाराशी हुज्जत घालून उपयोग नाही.

मेलबर्न
डँडेनॉन्गला बकऱ्याचं मटण मुबलक. इटालियन खाटकाकडचं 'काप्रेत्तो' म्हणजे दूधपितं करडू, महाग आणि रश्श्यासाठी फारच कोवळं. एडिसनच्या ताई, तुमच्या फ्रीझरमधली गोट आमच्या इथून आलेली असण्याची शक्यता बरीच. ऑस्ट्रेलियाच्या बकऱ्याच्या मटणाचं कित्येक वर्षं सर्वात मोठं गिऱ्हाईक अमेरिकाच.

ठाणे, सध्या टोक्यो
मटणासाठी शिन-ओकुबोची हलाल दुकानं आहेत, फ्रोझन बकरा हाडासकट मिळतो. घराजवळच्या सुपरमार्केटात मात्र कोंबडीवर भिस्त. 'मोमो' म्हणजे मांडी, 'मुने' छाती, 'तेबामोतो' पंखाचा मांसल भाग, 'सुनागिमो' पेटा. मोमो बहुधा बिनहाडाची आणि कातडीसकट असते. म्हणून 'होनेत्सुकी', हाडासकट, हा शब्द पाठ करा. तो दिसला नाही तर तेबामोतो घ्या, हाड असतंच आणि बाराही महिने मिळतं. कातडी सोलून रस्सा करा, छान होतो.

सीकेपी घरातली असल्यामुळे खिम्यावाचून माझं चालत नाही, म्हणून हे मुद्दाम लिहिते. 'आइबिकी' लिहिलेल्या खिम्यात गोमांस आणि डुकराचं मांस एकत्र असतं. जे खात नाहीत त्यांनी 'तोरी' म्हणजे कोंबडीचा खिमा बघून घ्यावा. म्युनिकच्या ताई, तुमच्याकडे 'गेमिश्ट' लिहिलेल्या खिम्याचंही असंच असतं ना?

कोल्हापूर, सध्या म्युनिक
हो, अगदी तसंच. 'हाल्ब उंट हाल्ब' लिहिलं असलं तरी तेच, अर्धं हे अर्धं ते. तुर्की दुकानात 'कुझु कियमा' सांगून डोळ्यांसमोर काढून घ्या, खांद्याचा सांगा.